वळचणीची कपबशी

दिवाळीच्या पहाटे घरात जो पहिला चहा होतो, त्याची चव वर्षातल्या दुसऱ्या कोणत्याही चहाला येत नाही, असे माझे जुने मत आहे. अभ्यंगस्नान आटोपलेले असते, अंगाला उटण्याचा आणि केसांना शिकेकाईचा वास असतो, फराळाची ताटे अजून मांडायची असतात. आणि त्या मधल्या दहा मिनिटांत स्वयंपाकघरातून आल्याचा दरवळ येऊ लागतो. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पुष्कळांच्या शेजारी चहाचा कपही असेलच. तेव्हा त्या चहाविषयीच चार गोष्टी बोलाव्यात असे मनात आहे. मात्र बोलता बोलता मी जिथे पोचणार आहे ती जागा फारशी सणासुदीची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

२०२४ सालच्या दिवाळीला आम्ही सगळे अंतरवाली सराटीला, माझ्या माहेरी, जमलो होतो. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले हे गाव. वडीगोद्रीपासून जवळ, धुळे-सोलापूर रस्त्याने थोडे दक्षिणेला गेले की शहागडला गोदावरी लागते. माझ्या लहानपणी इकडची शेती पावसावर आणि विहिरीच्या मोटेवर चाले. जायकवाडीचे पाणी आले तसा ऊस आला, साखर कारखाना आला, आणि मातीच्या भिंतींची घरे जाऊन सिमेंटची आली. आमचे घरही तसेच नवे झाले. पण चुलीच्या जागी गॅस आला तरी चहाचे पातेले मात्र अजून आईच्या वेळचेच आहे.

त्या दिवशी माझी बारा वर्षांची नात वही घेऊन माझ्याजवळ बसली. "आजी, तुझ्या चहाचं प्रमाण सांग. मला लिहून ठेवायचंय," म्हणाली. मला कोण आनंद झाला! आपण मेल्यावर आपले काय उरेल याची चिंता म्हाताऱ्या माणसाला असतेच. चहा उरला तरी पुष्कळ झाले. मी सांगू लागले: चार कपांना अडीच कप पाणी घ्यावे आणि दोन कप दूध, कारण उकळताना थोडे आटते. पाण्यात आधी बोटाच्या पेराएवढे आले ठेचून घालावे, दोन वेलदोडे सालीसकट, गवती चहाची दोन पाती गाठ मारून. थंडी असेल तर दोन मिरी आणि चिमूटभर सुंठ. जायफळ घालायचे तर किसणीवर एकदाच फिरवावे. जास्त झाले तर झोप येते. हे सगळे चांगले उकळू द्यावे, मग साखर, मग तीन लहान चमचे चहा, आणि दूध शेवटी.

"दूध आधी का नाही?" तिने विचारले. हल्लीच्या मुलांना कारण लागते, आणि ते चांगलेच आहे. मी तिला सांगितले की कच्च्या आल्याच्या रसात प्रथिने तोडणारे एक द्रव्य असते. ते तसेच दुधात पडले तर दूध फाटते. आधी पाण्यात उकळी बसली की त्याचा जोर जातो. चहाच्या पानातला तुरटपणा दुधातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो, म्हणून दुधाचा चहा जिभेला मऊ लागतो. माझ्या आईला यातले काहीच ठाऊक नव्हते. पण आल्यावर उकळी आल्याशिवाय तिने कधी दूध ओतले नाही.

प्रमाण लिहून झाले. मग सर्वांना पुरतील एवढे कप काढायला म्हणून नात आणि माझी भावजय माळ्यावरची जुनी लाकडी पेटी उतरवू लागल्या. पितळेची भांडी निघाली, दोन समया निघाल्या, आणि एका जुन्या धडप्यात गुंडाळलेली एक कपबशी निघाली. पांढरी, जाड चिनी मातीची. कानाचा तुकडा उडालेली. बशीच्या कडेला निळी रेघ. नातीने ती हातात फिरवून पाहिली आणि विचारले, "आजी, ही एकटीच का? हिचा सेट कुठे आहे?"

मी म्हटले, "हिचा सेट नव्हता." आणि मग काही बोलले नाही. पण त्या क्षणापासून मला स्वस्थता नाही. आणि म्हणूनच हे लिहीत आहे.

ती कपबशी आमच्या जुन्या घराच्या वळचणीला, गोठ्याच्या अंगाला, कडीपाटात खोचलेली असे. ती आमच्या सालगड्याची. त्यांचे नाव मी इथे देत नाही; ते देण्याचा अधिकार त्यांच्या घरच्यांचा आहे. त्यांचे घर गावकुसाबाहेर होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर त्यांच्या वस्तीने देव्हारे उतरवले आणि ते घर बौद्ध झाले. आमच्या वळचणीला मात्र त्याची वर्दी पोचली नाही. मी सांगते ते १९६२ सालच्या आसपासचे. मी नऊ वर्षांची. मार्गशीर्षातल्या रात्री गव्हाला पाणी देऊन ते पहाटे परत येत, अंगावर घोंगडे, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. आई चूल पेटवी. चहा झाला की मला हाक मारी. ते वळचणीची कपबशी काढून, स्वतः विसळून, ओट्याच्या खाली धरून उभे राहत. आणि मी ओट्यावर उभी राहून वरून चहा ओतीत असे. भांडे कपाला लागू द्यायचे नाही, हे मला कोणी कधी शिकवल्याचे आठवत नाही. पण मला ते येत होते. मी नऊ वर्षांची त्यांना 'तू' म्हणत असे, आणि ते पन्नाशीचे मला 'ताई' म्हणत.

आता जो प्रश्न मला छळतो तो असा. तो चहा उत्तम असे. त्याच पातेल्यातला, त्याच हातचा, तेच आले, तोच वेलदोडा. उलट थंडीतून आलेल्या माणसाला म्हणून आई त्यांच्या वाट्याला साखर जरा जास्तच घाली. १९७२ च्या दुष्काळात, दूध मिळेनासे झाले तेव्हा, घरात आम्ही गुळाचा कोरा चहा प्यायलो. तोच त्यांनाही होता. मी तेव्हा औरंगाबादला कॉलेजात शिकत होते; सुट्टीत घरी आले असता मी आईशी त्या कपबशीवरून वाद घातला. आई चुलीपुढून उठलीही नाही. एवढेच म्हणाली, "त्याला कधी पाणचट चहा दिला का मी?"

नव्हता दिला. हे खरे होते, आणि मला उत्तर सुचले नाही. ते आज पन्नास वर्षांनी सुचते आहे का, ते पाहायचे आहे.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. एक असे की, ती सगळी माया ढोंग होती. ज्या हाताने वेगळा कप ठेवला त्या हाताच्या साखरेला काय अर्थ? दुसरे असे की, काळच तसा होता. रूढी वाडवडिलांची, मन मात्र चांगले होते. पहिले उत्तर तरुणांना आवडते, दुसरे म्हाताऱ्यांना. मला दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते चहाच्याच आधाराने सांगता येईल असे वाटते.

दुसरे उत्तर आधी घेऊ. रूढी वाडवडिलांची होती असे आपण म्हणतो. पण चहा वाडवडिलांचा होता का? माझ्या आजीच्या लग्नात चहा नव्हता. माझ्या आईच्या लग्नात होता. आजी सांगे की पूर्वी पाहुण्याला गूळ आणि पाणी देत. चहाचे मळे आसामात एकोणिसाव्या शतकात उभे राहिले, पण तो सारा चहा विलायतेला जाई. इथल्या माणसाने तो प्यावा म्हणून मळेवाल्यांनी पुढे फार खटपट केली. १९०३ साली त्यासाठी सेसचा कायदा झाला, आणि १९३० नंतरच्या दशकात बाजारांतून, कारखान्यांतून, रेल्वेच्या स्टेशनांवरून फुकट चहा पाजण्याच्या मोहिमा निघाल्या. पाने पाच मिनिटे भिजू द्यावीत, उकळू नयेत, असे त्यांचे सांगणे असे. आपण ते ऐकले नाही. चहा जास्त झाला की खर्च होतो, म्हणून आपण त्यात दूध वाढवले, आले-वेलदोडे घातले आणि तो खळाखळा उकळला. आज ज्याला आपण 'आपला' चहा म्हणतो तो असा अवज्ञेतून जन्मलेला आहे. आमच्याकडे मनमाडहून जालन्यावरून हैदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे १९०० सालच्या सुमारास सुरू झाली होती. पण रेल्वेपासून आमच्या चुलीपर्यंत यायला चहाला आणखी एक पिढी लागली.

म्हणजे काय झाले? पाणी कोणाच्या हातचे चालते, अन्न कोणाच्या हातचे चालते, याचे नियम जुने होते. पण चहाविषयी कोणत्याही स्मृतीत एक अक्षर नव्हते. तो नवा होता; जातीविरहित होता. त्याला कसे वागवायचे हे ठरवायला आपण मोकळे होतो. मळेवाल्यांचे न ऐकण्याइतके आपण स्वतंत्र बुद्धीचे होतो. दुधाचे, साखरेचे, आल्याचे प्रमाण आपण स्वतः शोधून काढले. आणि त्याच स्वतंत्र बुद्धीने आपण वळचणीची कपबशीही शोधून काढली. कोणीतरी बाजारात गेले, एक जादा कपबशी विकत घेतली, आणि कडीपाटात तिला जागा केली. तो माणूस माझा आजा असेल किंवा बाप असेल. त्याहून मागचा नव्हता. तेव्हा या एका बाबतीत तरी वाडवडिलांवर ढकलायला आपल्याला जागा नाही. परंपरा चालत आली नव्हती. ती आमच्या घरात, आमच्या पैशाने, आमच्या डोळ्यांदेखत तयार झाली.

आणि काळ तसा होता म्हणावे, तर काळही तसा नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. माझे वडील वर्तमानपत्र वाचत असत. म्हणजे १९६२ साली मी ओट्यावरून चहा ओतीत होते तेव्हा आमचे घर अडाणीपणाने नव्हे, तर माहीत असून तसे वागत होते.

चहाने माणसांची परीक्षा पाहिल्याचे महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण अर्थातच पुण्याचे. १८९० सालच्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा आणि बिस्किटे पुढे केली. काहींनी घेतली, काहींनी नुसता मान राखला. गोपाळराव जोशांनी मग हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापवली, आणि पुण्यात मोठे वादळ झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, ग्रामण्य झाले. पुष्कळांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. रानड्यांसारख्या माणसानेही १८९२ साली ते घेतले आणि आपल्याच अनुयायांचा रोष पत्करला. शाळेत हे प्रकरण शिकवताना मी त्यातला विनोद रंगवून सांगत असे: एवढाले पुढारी आणि एवढासा चहाचा पेला! मुले हसत. पण आता वाटते, त्या साऱ्या गदारोळात एक गोष्ट कोणाच्याच बोलण्यात आली नसावी. चहा कोणाच्या हातचा प्यायला, याचे प्रायश्चित्त दोन वर्षे गाजले. आपल्या घरी चहा कोणाला कसा दिला, याचे प्रायश्चित्त कोणी मागितले नाही, कोणी घेतलेही नाही. आणि मी तरी कुठे घेतले होते?

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना हौदाच्या पाण्याला शिवल्यावरून मार खावा लागला. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला लावले, आणि कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढले. सार्वजनिक ठिकाणी शिवाशीव पाळू नये, असे हुकूम महाराजांनी १९१९ साली काढलेच होते. पण हुकमाने कोणी चहा प्यायला जात नाही. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवीत, चहा मागवून पीत, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावीत.

या गोष्टीकडे मी पुष्कळ वर्षे एका थोर राजाची थोर गोष्ट म्हणूनच पाहत आले. तिच्यातले खरे मर्म मला उशिरा कळले. महाराजांना दान द्यायचे असते तर ते कितीतरी देऊ शकले असते. त्यांनी चहा दिला नाही. त्यांनी तो घेतला. देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. मी ओट्यावर उभी होते तशी. घेणाऱ्याला हात पुढे करावा लागतो. आमच्या आईने त्या माणसाला वर्षानुवर्षे चहा दिला, पण तिला त्याच्या घरचा चहा घ्यावा लागला नाही. म्हणून तिची माया खोटी होती असे मी म्हणणार नाही. माया खरी होती. खरी होती, आणि तीच त्या कपबशीला टेकू देत होती. चहा पाणचट असता, शिवी देऊन दिलेला असता, तर मला वाटते, ते सालगडी कधीतरी कपबशी ओट्यावर आपटून निघून गेले असते आणि आम्हालाही आमची लाज वाटली असती. चहा चांगला होता म्हणून कोणालाच काही वाटले नाही. साखर जास्त पडत होती म्हणून कपबशी वळचणीला टिकली. 'पाणचट चहा दिला का मी?' या आईच्या प्रश्नाचे उत्तर मला आज असे द्यावेसे वाटते: नाही दिलास, आई, आणि म्हणूनच आपल्याला ते दिसले नाही.

पण आईवर न्याय करायला बसण्यापूर्वी आणखी एक सांगितले पाहिजे. आईला स्वतःचा कप नव्हता. घरातल्या सगळ्यांचा चहा झाला, की पातेल्यात राहिलेला चोथा थोडे पाणी घालून ती पुन्हा उकळी आणि दाराआड बसून वाटीत ओतून पिई. जिला स्वतःचा कप नव्हता तिनेच दुसऱ्यासाठी वेगळा कप ठेवला. ज्याच्यावर अन्याय होतो तो आपोआप न्यायी होत नाही, एवढाच याचा अर्थ. आई गेली, तिच्याकडून मी आता काही मागू शकत नाही. पण माझे काय?

१९८१ सालच्या जनगणनेच्या वेळी मी अंबडला शिक्षिका होते. घरोघर जाऊन नोंद करायचे काम आम्हा शिक्षकांकडे होते. एका दुपारी मी आणि बरोबरीच्या एक बाई एका घराशी पोचलो, आणि दार उघडले ते आमच्या त्या सालगड्यांच्या मुलाने. ते माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. गावच्या शाळेत वरच्या वर्गात होते. बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकून ते शिक्षक झाले होते. घर नीटनेटके, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. त्यांनी आम्हाला बसवले. वडील वारल्याचे सांगितले. मी रकाने भरू लागले, तोवर आतून आल्याचा वास आला. त्यांच्या पत्नी ट्रे घेऊन बाहेर आल्या. चार कप, एकसारखे.

आणि मी म्हटले, "नको हो, आत्ताच घेतला."

मराठीत याच्याइतके सभ्य खोटे दुसरे नसेल. कितीदा आपण ते बोलतो! यजमानाला त्रास नको म्हणून, उशीर होतो म्हणून, ॲसिडिटी होते म्हणून. पण त्या दुपारी ते तसले खोटे नव्हते. आणि ते तसले नाही हे त्या खोलीतल्या चौघांनाही कळले. त्यांच्या पत्नीने काही न बोलता माझ्या कपावर बशी पालथी घातली. त्यांनी पुढचा रकाना सांगितला. माझ्या सोबतच्या बाईंनीही मग कप उचलला नाही.

मी विटाळ मानीत नव्हते. हॉटेलात मी सर्वांबरोबर चहा पीत होते. सव्वीस जानेवारीला समतेवर भाषण करीत होते. मग मी नाही का म्हटले? सासरी कळेल ही भीती होती, हे खरे. पण मन खरवडून पाहिले तर त्याखाली आणखी एक कारण सापडते. मी तो कप उचलला असता, तर माझ्या दुसऱ्या हातात ते वरून ओतायचे भांडे आले असते. ज्याच्या बापाला मी ओट्यावरून चहा ओतला त्याच्या घरी बसून चहा घ्यायचा, म्हणजे आधी ते ओतणे कबूल करायचे. मला कबूल करायचे नव्हते. चहा नाकारला तो मी त्यांच्या जातीमुळे नाही, माझ्या स्मरणामुळे. पण त्यांच्या बाजूने पाहिले तर या दोहोंत काय फरक होता?

२९ ऑगस्ट २०२३ ला आमच्या गावात मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला, आणि ज्या गावाचे नाव सांगताना आम्हाला तालुका-जिल्हा सांगावा लागे ते गाव रोज बातम्यांत येऊ लागले. त्या मागणीची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. मी एवढेच सांगते की त्या दिवसांत गावाला माणसांचा महापूर आला, आणि माझ्या भावाच्या घरीही चहाचे पातेले खाली उतरले नाही. पत्रकार येत, गावोगावची माणसे येत. भावजय कागदी कपांतून चहा देई. कोणी कोणाची जात विचारली नाही. मला ते पाहून फार बरे वाटले. आमचे घर सुटले, असे वाटले. पण नंतर विचार करता लक्षात आले की परक्याला चहा देणे कधीच कठीण नव्हते. त्याची जात ठाऊक नसते, आणि कागदी कप पिऊन झाल्यावर फेकून द्यायचा असतो. सर्वांनाच वळचणीची कपबशी मिळाली, म्हणजे ती कपबशी नाहीशी झाली असे नव्हे. कठीण असते ते ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो, त्याच्या दारात जाऊन त्याच्या घरचा कप मागणे.

म्हणून त्या २०२४ च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, नातीला बरोबर घेऊन मी अंबडला गेले. पिशवीत ती कपबशी होती. ते आता निवृत्त झाले आहेत. दोघेही थकले आहेत. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. बसल्यावर मी म्हटले, "वहिनी, चहा मिळेल का?" मागून घेतलेला तो माझ्या आयुष्यातला पहिला चहा.

वहिनी उठल्या. त्यांनी आले ठेचल्याचा आवाज आला. चहा आला, चार कप, एकसारखे. त्यात गवती चहा जास्त होता आणि साखर कमी. माझ्या चहाहून निराळा आणि चांगला. पिऊन झाल्यावर मी पाठ केलेले बोलले: ओट्याविषयी, कपबशीविषयी, एक्क्याऐंशी सालच्या त्या दुपारीविषयी. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "दादा तुमच्या आईच्या चहाचं नाव काढायचे. चहा करावा तर मालकिणीनं, म्हणायचे. पण आम्हा पोरांना त्यांनी चहाच्या वेळी तुमच्या दारात कधी येऊ दिलं नाही. मला वाटायचं, चहा मागू म्हणून येऊ देत नसतील."

ते थांबले. पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आणि करायची गरजही नव्हती. बापाने तो चहा स्वतः घेतला. पण तो घेताना आपल्या मुलाने आपल्याला पाहू नये, एवढी काळजी त्याने जन्मभर घेतली. म्हणजे आईच्या त्या चांगल्या चहाची किंमत दिली जात होती. ती कोण देत होते ते आम्हाला माहीत नव्हते, एवढेच.

मी पिशवीतून कपबशी काढून पुढे ठेवली. का ठेवली ते आज नीट सांगता येत नाही. ती त्यांच्या वडिलांची आठवण आहे, त्यांच्याकडे असावी, असे काहीतरी मी पुटपुटले. वहिनींनी ती पाहिली, हातही लावला नाही. त्या सौम्यपणाने म्हणाल्या, "आम्हाला कशाला बाई? ती तुमचीच हाये."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मी ती परत पिशवीत घातली. निघताना त्यांनी नातीच्या हातावर करंजी ठेवली आणि "येत जा" म्हणाल्या. ते बोलणे रीतीचे होते की मनापासूनचे, हे मी ठरवत बसले नाही. मी त्यानंतर दोनदा जाऊन आले आहे. चहा दोन्ही वेळा घेतला. एकदा त्या दोघांना आमच्याकडे बोलावले, तर ते "बघू" म्हणाले, आणि अजून आलेले नाहीत. येतील किंवा येणार नाहीत; तो त्यांचा प्रश्न आहे. नाही म्हणण्याचा अधिकार इतकी वर्षे आमच्याचकडे होता. आता थोडा त्यांच्याकडे गेला, तर माझी तक्रार असता कामा नये.

परतीच्या वाटेवर नातीने विचारले, "आजी, मग हिचं काय करायचं? टाकून देऊ या का?" मी नाही म्हटले. टाकून द्यावी तर ती कधी नव्हतीच असे होईल. शोभेच्या कपाटात मांडावी तर आपल्या पश्चात्तापाचेच प्रदर्शन. ती पेटीत जिथे होती तिथेच राहील. पेटी दर दिवाळीला उघडते; आणि दर दिवाळीला घरातले एखादे नवे मूल विचारील की ही एकटीच का. तेव्हा मी असले तर मी सांगेन. नसले तर ही नात सांगेल.

घरी आल्यावर तिने वही काढली. चहाचे प्रमाण लिहिलेल्या पानाखाली थोडी जागा उरली होती. "आणखी काही लिहायचं राहिलंय का?" तिने विचारले. मी म्हटले, लिही: चहा गाळण्याआधी घरात माणसे किती आहेत ते मोजावे, चहा करणारी धरून, आणि तेवढे कप एकाच ट्रेमध्ये मांडावेत. तिने ते मोठ्या अक्षरांत लिहिले. मग आत जाऊन आल्याचा तुकडा घेऊन आली, आणि त्या संध्याकाळचा चहा तिने केला.